जिंकूनही गेलेले, हरूनही राहिलेले

परक्या देशाच्या राजकारणाकडे पाहणाऱ्यास एक सवलत असते आणि एक मर्यादाही असते. त्या देशात त्याला मत नसते. त्यामुळे कोणाच्या जयाने त्याचे काही वाढत नाही आणि कोणाच्या पराभवाने काही उणे होत नाही. मात्र घरातल्या माणसांना जे न सांगता उमगते, ते त्याला नियम, आकडे आणि घटना यांवरूनच ताडावे लागते. ब्रिटनच्या पक्षीय राजकारणाकडे पाहणारा भारतीय निरीक्षक याच अवस्थेत असतो. शिवाय भारतीय संसदेची घडण पुष्कळ अंशी त्याच देशाच्या नमुन्यावर झालेली असल्याने तेथील सभागृह त्याला ओळखीचे वाटते. आणि ओळखीचे वाटणारे घर आतून निराळे निघाले की आश्चर्य अधिकच वाटते.

मे १९७९ ते जून २००७ या २८ वर्षांत ब्रिटनमध्ये अवघे तीन पंतप्रधान झाले : मार्गारेट थॅचर, जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर. याउलट जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत १०, डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानी पाच नवे पंतप्रधान राहावयास आले : थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि कीर स्टार्मर. यांपैकी पहिले चौघे त्या पदावर बसले ते सार्वत्रिक निवडणुकीतून नव्हे. त्यांच्या पक्षाने आपला नेता बदलला आणि त्यासरशी देशाचा पंतप्रधान बदलला. मतदारांनी सरकार बदलल्यामुळे आलेले स्टार्मर हे एकटेच.

यावर परदेशांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत कौतुकाचे : सत्तेच्या शिखरावरील माणसाला त्याचेच सहकारी निर्भयपणे खाली उतरवू शकतात, यात लोकशाहीची परिपक्वता दिसते. दुसरे मत उपहासाचे : ज्या देशाने जगाला संसदीय शिस्त शिकवली, तो आता ऋतू बदलावा तसा पंतप्रधान बदलतो. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही मते वरवरची आहेत. नेते किती वेगाने बदलतात यापेक्षा त्यांना निवडणारे कोण आणि हटवणारे कोण, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. गेल्या काही दशकांतील ब्रिटिश पक्षांच्या नेतृत्वसंकटांचे मूळ बव्हंशी या एका प्रश्नात सापडते.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानास जनता थेट निवडत नाही. हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाचा विश्वास ज्याला लाभेल, त्याला राजा किंवा राणी सरकार बनवण्यास पाचारण करते. म्हणजे पंतप्रधानाचे आसन शेवटी त्याच्या पाठीमागील बाकांवर बसलेल्या स्वपक्षीय खासदारांवर टिकून असते. समोरचा विरोधी पक्ष त्याला रोज बोलून घायाळ करू शकतो. पदावरून मात्र बहुधा मागच्या बाकांवरील माणसेच काढतात.

हुजूर पक्षात या मागच्या बाकांची एक जुनी संस्था आहे. तिचे नाव ‘१९२२ समिती’. सन १९२२ च्या निवडणुकीत प्रथमच निवडून आलेल्या खासदारांनी १९२३ मध्ये ती स्थापन केली, म्हणून हे नाव. त्या आधी ऑक्टोबर १९२२ मध्ये हुजूर खासदारांनी कार्लटन क्लबातील बैठकीत लॉइड जॉर्ज यांच्या संयुक्त सरकारचा पाठिंबा काढला होता; त्या प्रसिद्ध बैठकीवरून समितीला नाव पडले असा अनेकांचा समज आहे, पण तो खरा नाही. मे आणि जॉन्सन यांच्या काळी प्रचलित असलेल्या नियमानुसार पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी नेत्यावरील अविश्वासाची पत्रे समितीच्या अध्यक्षांकडे दिली की गुप्त मतदान घ्यावेच लागे. पत्रे किती आली हे केवळ अध्यक्षांस ठाऊक असे. आपल्याविरुद्ध कोणी लिहिले हे खुद्द पंतप्रधानासही कळत नसे.

या गुप्त मतदानांचा इतिहास पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ज्यांनी ही मतदाने जिंकली, तेच पुढे गेले. श्रीमती थॅचर यांनी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका ओळीने जिंकल्या. मतदारांनी त्यांना कधीच हरवले नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचे जुने सहकारी सर जेफ्री हाउ यांनी उपपंतप्रधानपद सोडले आणि सभागृहात शांत स्वरात एक भाषण केले. संघाच्या कर्णधारानेच सामन्यापूर्वी आपल्या फलंदाजांच्या बॅटी मोडून ठेवाव्यात, तशी आपली अवस्था झाली, असा त्यातील एका दाखल्याचा आशय होता. त्यानंतर आठवड्याभरात झालेल्या मतदानात थॅचर यांना २०४ आणि मायकेल हेसल्टाइन यांना १५२ मते पडली. नियमाप्रमाणे पहिल्या फेरीतच जिंकण्यासाठी ५६ मतांची आघाडी हवी होती; ती ५२ भरली. दोन खासदारांनी मत फिरवले असते तरी त्या वाचल्या असत्या. मंत्री एकेक करून त्यांच्या कक्षात आले. आपला पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही, असेच बहुतेकांनी सांगितले. २२ नोव्हेंबरला त्यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

पुढे हीच गोष्ट पुन्हा घडली. डिसेंबर २०१८ मध्ये थेरेसा मे यांनी विश्वासमत २०० विरुद्ध ११७ असे जिंकले आणि अवघ्या पाच महिन्यांनी राजीनामा जाहीर केला. ६ जून २०२२ रोजी बोरिस जॉन्सन यांनी २११ विरुद्ध १४८ असे जिंकले. ७ जुलैला त्यांनाही पक्षनेतेपद सोडत असल्याचे सांगावे लागले. कागदावर बहुमत होते, पण सरकार चालवण्यास लागणारे माणसांचे मन गेले होते. मंत्रिपदे भरण्यास माणसे मिळेनात, तेव्हा बहुमताचा आकडा निरुपयोगी ठरला. जॉन मेजर यांनी १९९५ मध्ये स्वतःहून नेतेपदाचा राजीनामा देऊन टीकाकारांना समोर येण्याचे आव्हान दिले आणि जॉन रेडवुड यांना २१८ विरुद्ध ८९ असे हरवले. ते टिकले, परंतु दोनच वर्षांनी मतदारांनी त्यांच्या पक्षाला १६५ जागांवर आणून ठेवले.

आता मजूर पक्षाकडे वळावे, तर तेथे चित्र उलटे दिसते. जून २०१६ मध्ये त्या पक्षाच्या खासदारांनी आपले नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० अशा प्रचंड फरकाने अविश्वास व्यक्त केला. हुजूर पक्षात एवढ्यावर नेता त्याच सायंकाळी गेला असता. कॉर्बिन राहिले. मजूर पक्षाच्या नियमांत खासदारांचे अविश्वासमत नेत्यावर बंधनकारक नव्हते. खासदार फक्त प्रतिस्पर्धी उभा करू शकत, निवड करीत पक्षाचे सदस्य. त्या सदस्यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये कॉर्बिन यांना ६१.८ टक्के मते देऊन पुन्हा निवडले. म्हणजे एका पक्षात जिंकलेले जातात आणि दुसऱ्या पक्षात हरलेला राहतो. हा विरोधाभास माणसांच्या स्वभावातून आलेला नसून नियमांतून आलेला आहे.

हे नियम असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६५ पर्यंत हुजूर पक्षात नेत्याची निवडणूकच होत नसे. ज्येष्ठ मंडळी आपसांत विचारविनिमय करीत आणि एक नाव ‘पुढे येई’. ऑक्टोबर १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन आजारपणामुळे निवृत्त झाले, तेव्हा अशाच रीतीने लॉर्ड होम यांचे नाव पुढे आले. ते सरदार घराण्यातील वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी आपली पदवी सोडली आणि पोटनिवडणूक लढवून ते कनिष्ठ सभागृहात आले. मूठभर मंडळींच्या या बंद दालनावर पक्षातूनच कठोर टीका झाली. परिणामी १९६५ पासून खासदार मतदान करू लागले. एडवर्ड हीथ हे अशा रीतीने निवडलेले पहिले नेते. १९७५ मध्ये त्याच खासदारांनी हीथ यांना बाजूस सारून श्रीमती थॅचर यांना निवडले.

मजूर पक्षात १९८० पर्यंत खासदारच नेता निवडीत. १९८१ मध्ये कामगार संघटना, मतदारसंघांतील शाखा आणि खासदार यांचे संयुक्त मंडळ नेमण्यात आले. पुढे २०१४ च्या सुधारणेने प्रत्येक सदस्यास समान मत मिळाले. हुजूर पक्षाने १९९८ मध्ये मधला मार्ग काढला : खासदारांनी फेऱ्या घेऊन दोन उमेदवार उरवावेत आणि अखेरची निवड सदस्यांनी करावी. हेतू शुद्ध होता. वर्गणी भरणाऱ्या, घरोघरी पत्रके वाटणाऱ्या आणि निवडणुकीच्या दिवशी पावसात उभे राहणाऱ्या माणसाला नेता निवडण्याचा अधिकार का नसावा, या प्रश्नाला नैतिकदृष्ट्या उत्तर देणे कठीण आहे.

तथापि या मधल्या मार्गाने एक गोष्ट साधली आणि एक बिघडवली. नेता निवडण्याचा अंतिम अधिकार सदस्यांकडे गेला. हटवण्याचा अधिकार खासदारांकडेच राहिला. बसवणारे हात एक आणि उठवणारे हात दुसरे, अशी स्थिती झाली. तिचे पहिले फळ २००१ मध्ये दिसले. खासदारांच्या शेवटच्या फेरीत इयन डंकन स्मिथ यांना ५४ मते होती. केनेथ क्लार्क यांना ५९ आणि मायकेल पोर्टिलो यांना ५३. म्हणजे दोन तृतीयांश खासदारांची पसंती इतरांना होती. सदस्यांनी मात्र डंकन स्मिथ यांना दीड लाखाहून अधिक मतांनी निवडले. दोन वर्षांनी खासदारांनी ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांना दूर केले. ते नेते म्हणून एकही सार्वत्रिक निवडणूक लढवू शकले नाहीत.

तेव्हा पक्ष विरोधी बाकांवर होता, म्हणून नुकसान पक्षापुरतेच राहिले. २०२२ मध्ये तोच पेच सत्तेत असताना उद्भवला. खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७, लिझ ट्रस यांना ११३ आणि पेनी मॉर्डंट यांना १०५ मते मिळाली. अंतिम निर्णय सुमारे १ लाख ७२ हजार सदस्यांच्या हाती होता. त्यांनी ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. जवळपास दोन तृतीयांश खासदारांची पहिली पसंती नसलेली व्यक्ती अशा रीतीने देशाची पंतप्रधान झाली. २३ सप्टेंबरला त्यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. तिची भरपाई कशातून होणार हे सांगितले नाही. पौंडाची किंमत घसरून सुमारे १.०३ डॉलर या नीचांकावर गेली. सरकारी कर्जरोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला कर्जरोखे खरेदी करून बाजार सावरावा लागला.

या गोष्टीची झळ सामान्य घरांना बसली. ब्रिटनमधील गृहकर्जाचा व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठी ठरवलेला असतो. मुदत संपली की नव्या दराने करार करावा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीस दोन वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाचा सरासरी दर ६ टक्क्यांपलीकडे गेला. व्याजदर आधीपासूनच चढत होते हे खरे. परंतु त्या काही आठवड्यांत बँकांनी शेकडो कर्जयोजना तडकाफडकी मागे घेतल्या. ज्यांची मुदत त्याच सुमारास संपत होती, त्या प्रत्येक कुटुंबाला, मग ते यॉर्कशरमधील असो की लेस्टर किंवा हॅरो येथे स्थिरावलेले भारतीय वंशाचे असो, पक्षांतर्गत निवडणुकीचा निकाल आपल्या मासिक हप्त्यात वाचावा लागला. त्या निवडणुकीत त्यांपैकी बहुतेकांना मत नव्हते.

ट्रस ४९ दिवस पंतप्रधान होत्या. पूर्वीचा सर्वांत अल्प कार्यकाळ जॉर्ज कॅनिंग यांचा, ११९ दिवसांचा. तोही १८२७ मध्ये त्यांच्या मृत्यूने संपलेला. यानंतर पक्षाने जे केले ते पाहण्यासारखे आहे. उमेदवाराला किमान १०० खासदारांचा पाठिंबा हवा अशी अट घालण्यात आली; अखेर केवळ सुनक रिंगणात उरले आणि सदस्यांपुढे प्रश्न गेलाच नाही. तो दिवस २४ ऑक्टोबर २०२२, दिवाळीतील लक्ष्मीपूजनाचा. भारतात त्या दिवशी भारतीय वंशाचा पंतप्रधान झाल्याचा आनंद साहजिकच व्यक्त झाला. परंतु पक्षाच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ वेगळा होता. ज्यांना सदस्यांनी सात आठवड्यांपूर्वी नाकारले, त्यांनाच खासदारांनी सदस्यांना न विचारता बसवले. आपणच केलेला नियम संकटकाळी आपल्यालाच पाळता आला नाही, याची ही मूक कबुली होती.

मग खासदारांनीच निवड करावी, हा उपाय रामबाण आहे काय? निरीक्षकाने येथे घाई करू नये. १९८० मध्ये मजूर खासदारांनीच मायकेल फूट यांना १३९ विरुद्ध १२९ मतांनी निवडले होते. १९८३ मध्ये पक्ष २०९ जागांवर आला. ज्या कॉर्बिन यांच्यावर खासदारांनी अविश्वास दाखवला, त्यांनीच २०१७ मध्ये पक्षाला ४० टक्के मते मिळवून दिली आणि मे यांचे बहुमत गेले. २०१९ मध्ये मात्र तोच पक्ष २०२ जागांवर घसरला. खासदारांनी बसवलेले सुनकही २०२४ मध्ये पक्षाला १२१ या इतिहासातील सर्वांत कमी जागांपासून वाचवू शकले नाहीत. उलट डेव्हिड कॅमेरन यांना २००५ मध्ये खासदार आणि सदस्य या दोहोंनी पसंती दिली आणि ते सुमारे अकरा वर्षे नेते राहिले. यावरून एवढे म्हणता येते की, ज्या नेत्यामागे दोन्ही वर्ग असतात त्याचा पाया पक्का असतो. एकाच वर्गाच्या बळावर आलेल्याचा पाय पहिल्याच वादळात निसटतो.

याला अपवाद बोरिस जॉन्सन यांचा. आणि तो अपवाद बोलका आहे. २०१९ मध्ये त्यांना निम्म्याहून अधिक खासदारांची व दोन तृतीयांश सदस्यांची मते होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मतदारांनी त्यांना ३६५ जागा दिल्या. तिन्ही बळे एकवटलेली असताना ते अडीच वर्षांत गेले. कारण नियमांत नव्हते. टाळेबंदीत जनतेला घालून दिलेले निर्बंध त्यांच्याच कार्यालयात मोडले गेले. पदावर असताना कायदाभंगाबद्दल दंड झालेले ते पहिले पंतप्रधान ठरले. पुढे एका सहकाऱ्याच्या गैरवर्तनाविषयी त्यांच्या कार्यालयाने दिलेली माहिती टिकली नाही, तेव्हा दोन दिवसांत ५० हून अधिक मंत्री व पदाधिकारी सोडून गेले. निवडणुकीचा नियम कितीही निर्दोष असला तरी विश्वास आचरणाने टिकतो, ही जुनीच गोष्ट तेथे पुन्हा सिद्ध झाली.

भारतीय निरीक्षकास या सर्वांत सर्वाधिक विचार करावयास लावणारी बाब निराळी आहे. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचे सभागृहातील पदच जाऊ शकते. घाऊक पक्षांतराला आळा घालणे हा तिचा हेतू होता आणि ती गरज खरी होती. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल २१ हुजूर खासदारांची पक्षातून गच्छंती झाली. त्यांत माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क होते आणि विन्स्टन चर्चिल यांचे नातू सर निकोलस सोम्सही होते. पण त्यांपैकी एकाचीही खासदारकी गेली नाही. पक्षाने दिलेले पक्ष काढून घेऊ शकतो. मतदारांनी दिलेले नाही, असा तेथील विचार आहे. नेत्याला त्याच्या तोंडावर ‘आता पुरे’ म्हणण्याचे धैर्य तेथील मागच्या बाकांवर दिसते, त्यामागे हे अभय आहे. अस्थैर्य ही त्या अभयाची किंमत होय. स्थैर्य हवे असेल तर मोकळ्या बोलण्याची किंमत मोजावी लागते; दोन्ही एकाच वेळी फुकट मिळत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हुजूर पक्षाच्या सदस्यांनी केमी बेडनॉक यांना निवडले, तेही दोन उमेदवारांतून आणि सदस्यांच्याच अंतिम मताने. म्हणजे बसवणारे आणि उठवणारे हात अद्याप वेगळेच आहेत. ब्रिटिश पक्ष हा पेच कसा सोडवतील, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. परंतु सदस्यांच्या वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या श्रमांवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला त्यातून बोध घेता येईल. अध्यक्ष निवडताना ज्यांनी त्याच्यासोबत रोज काम करावयाचे आहे त्यांचे मन आधी जाणून घ्यावे. आणि ज्यांनी निवडले त्यांना, नको असेल तेव्हा, शांतपणे व उघडपणे त्याला निरोप देण्याचीही वाट ठेवावी. ती वाट बंद केली, तर माणसे पत्रे लिहितात. आणि ती पत्रे नेत्याच्या हाती पडत नाहीत.